गावाला सभा, शहराला समिती. मधल्यांनी बोलायचे कुठे?

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या गावचा एसटी स्टँड ओळखू येत नाही. पूर्वी लोखंडी ट्रंका उतरत, आता चाकांच्या बॅगा उतरतात. पण बॅगेमागे उभ्या असलेल्या बापाच्या चेहऱ्यावरची काळजी तीच आहे. खोली मिळेल का, खानावळ बरी असेल का, आणि मुख्य म्हणजे पोरगा अभ्यास करील का? पंधरवड्यात गावाचा नूर बदलतो. झेरॉक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात, अभ्यासिकांच्या जिन्यात चपलांचे ढीग पडतात, चहाच्या टपरीवर नवे चेहरे दिसू लागतात आणि संध्याकाळी नळाला येणाऱ्या पाण्याची धार बारीक होते.

गावाचे नाव मुद्दामच देत नाही. आधी बाजारपेठ, मग हायस्कूल, मग एक कॉलेज आणि त्याच्या मागोमाग आणखी चार, अशा रीतीने वाढलेले तालुक्याचे गाव महाराष्ट्रात एकच नाही. ज्याने त्याने आपल्या गावाचे नाव घालून घ्यावे.

गोष्ट आमच्या गल्लीतली आहे. एका मावशींनी नवरा गेल्यावर राहत्या घरावर मजला चढवला आणि खोल्या काढल्या. आज तिथे चौदा मुले राहतात. त्या भाड्यावर मावशींनी एका मुलीचे लग्न केले, दुसरीला शिकवले. घराला नळ मात्र एकच, अर्धा इंची. नगरपालिकेच्या दप्तरी ते एक घर, एक नळ, एक पाणीपट्टी. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. नवरा-बायको दोघेच. त्यांचाही नळ अर्धा इंची आणि पाणीपट्टीही तेवढीच. चौदा मुलांना पाणी पुरेना म्हणून मावशींनी नळाला टिल्लू पंप लावला. त्या दिवसापासून सरांच्या नळातून पाण्याऐवजी हवा येऊ लागली.

व्हायचे तेच झाले. "सर, पोरांना अंघोळीवाचून कॉलेजला धाडू का मी?" मावशी. "अहो मावशी, मग आम्ही दोघांनी काय कोरडं राहायचं?" सर. अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली. ऐकणाऱ्याला वाटावे, दोघांचेही बरोबर आहे. आणि खरोखरच दोघांचेही बरोबर होते. घरांची वसतिगृहे झालेल्या गावात पाणी कोणाला किती द्यायचे, त्याचे पैसे नळामागे घ्यायचे की वापरामागे घ्यायचे, हा काही दोन शेजाऱ्यांनी कुंपणावरून सोडवण्याचा प्रश्न नव्हे. तो सगळ्या गावाचा प्रश्न आहे. गल्लीत त्याचे भांडण होते एवढेच.

सर शिस्तीचे. त्यांनी फुलस्केपवर अर्ज लिहिला, आवक-जावक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. महिन्याने चौकशीला गेले तेव्हा टेबलामागचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "सर, हा धोरणाचा विषय आहे. सभेत यायला लागेल." सभा कधी आहे, असे सरांनी विचारले. उत्तर आले, "सभा नाही. सध्या प्रशासक आहेत." ही २०२३ सालची गोष्ट.

त्या उत्तरात त्या गृहस्थांचा दोष काहीच नव्हता. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस झाल्या होत्या. २०२१ च्या अखेरीपासून त्यांच्या मुदती संपत गेल्या. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, प्रभागांची रचना आणि न्यायालयातली प्रकरणे यांत पुढच्या निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि अखेर २ डिसेंबर २०२५ रोजी बहुतेक ठिकाणी मतदान झाले. काही ठिकाणी ते २० डिसेंबरला झाले, आणि निकाल सर्वांचे एकदम २१ डिसेंबरला लागले. म्हणजे जवळपास चार वर्षे या गावांचा कारभार सभागृहाविना चालला.

या चार वर्षांत कामे झाली नाहीत असे कोणी म्हणणार नाही. रस्ते झाले, दिवे लागले, काही ठिकाणी तर नगरसेवकांच्या काळापेक्षा फायली भराभर हलल्या, असे सांगणारेही भेटतात. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. पण त्याची बदली होते. घरपट्टी वाढवणारा अधिकारी पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात असतो. तो चौकात भेटत नाही, लग्नाला येत नाही, आणि पाच वर्षांनी मत मागायलाही येत नाही. त्याला प्रश्न विचारायचा तर अर्ज करायचा, अर्जावर शिक्का घ्यायचा आणि वाट पाहायची.

आता सभागृहे आली आहेत. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आले आहेत. नगराध्यक्ष जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, यावर २००१ पासून आपल्या राज्यकर्त्यांनी इतक्या वेळा मत बदलले आहे की त्याचा हिशेब ठेवणेही कठीण व्हावे. २०१६ मध्ये थेट निवड आणली, २०२० मध्ये ती काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. नगराध्यक्ष कोणी निवडायचा यावर एवढा खल झाला. निवडून आल्यावर त्याने लोकांशी कुठे आणि कधी बोलायचे, यावर मात्र कोणी फारसे बोलले नाही. आणि सरांच्या अर्जाचे घोडे नेमके तिथेच अडले आहे.

जरा कायदा पाहू. खेड्यात राहणाऱ्या माणसाला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरवावी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या रूढ तारखा. ग्रामसभेत गोंधळ होतो, गणपूर्तीअभावी ती तहकूब होते, कधी कधी ती कागदावरच भरते, हे सगळे खरे आहे. तरीही गावातली एखादी म्हातारी उभी राहून सरपंचाला "हातपंपाचं काय केलंस रे बाबा?" असे विचारू शकते, आणि ते विचारण्याचा हक्क तिला कायद्याने दिलेला आहे.

मोठ्या शहराकडे वळू. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने ३ लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमणे बंधनकारक केले. त्या समित्या बऱ्याच अंशी नगरसेवकांच्याच हातात राहिल्या, पण निदान पाटी तरी लागली.

आणि मधली गावे? दहा-वीस हजारांपासून लाख-दोन लाख वस्तीपर्यंतची? तिथे ग्रामसभा नाही, कारण ते आता गाव राहिलेले नाही. आणि प्रभाग समितीची सक्ती नाही, कारण ते पुरेसे मोठे शहर झालेले नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की लोक पेढे वाटतात. त्याच दिवशी आपली ग्रामसभा गेली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत दुरुस्ती करून 'क्षेत्रसभे'ची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांनी एकत्र बसावे, कामे सुचवावीत, त्रुटी दाखवाव्यात, अशी ती कल्पना. आपल्यापैकी किती जणांनी आजवर क्षेत्रसभा पाहिली आहे? ज्यांनी पाहिली असेल त्यांनी जरूर कळवावे. आमच्या गावात तो शब्दही कोणाला ठाऊक नाही.

आता कोणी म्हणेल, नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असतेच की! असते, पण तिथे बोलता येत नाही, फक्त ऐकता येते. आणि ऐकायला गेलेल्यालाही काय ऐकू येते? "विषय क्रमांक १ ते २२ मंजूर." त्यानंतर 'ऐनवेळचे विषय'. हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम काढला त्याला नमस्कार केला पाहिजे. विषयपत्रिकेवर आधी छापण्याची सोय नसलेले विषय ऐनवेळी येतात आणि ऐनवेळीच मंजूर होतात. वृत्तपत्रांत दुसऱ्या दिवशी दोन ओळींची बातमी येते. विकास आराखड्यावर हरकती मागवल्याची जाहिरात, चार वर्षांनी होणाऱ्या फेरकर आकारणीची नोटीस, अर्थसंकल्पाची तारीख, हे सारे नियमाप्रमाणे प्रसिद्ध होते. ते वाचले मात्र जात नाही. फलकाच्या काचेआड लावलेल्या कागदापाशी कोणी थांबत नाही. मुदत संपते. मग आपण म्हणतो, आम्हाला कोणी विचारलेच नाही.

याची किंमत केवढी असते, त्याचे एक उदाहरण. विकास आराखड्यात मैदानासाठी एखादी जागा आरक्षित असते. १० वर्षांत नगरपरिषदेने ती ताब्यात घेतली नाही, तर जागेचा मालक नोटीस देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. कायद्याच्या दृष्टीने मालकाचे यात काही चुकत नाही. पण ज्या मैदानावर चार कॉलेजांची पोरे संध्याकाळी क्रिकेट खेळतात, त्या मैदानाची नोटीस येऊन पडली आहे, हे पोरांना कधी कळते? कुंपणाचे खांब रोवले जातात तेव्हा. वेळेवर कळले असते आणि चार माणसांनी उठून विचारले असते, तर कदाचित पैशांची तजवीज झाली असती.

कॉलेजच्या गावात हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण गावाचा मोठा हिस्सा सरकारी कागदावर दिसतच नाही. योजना आखताना हाताशी असते ती २०११ ची जनगणना. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि नव्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. मधल्या काळात गावाच्या कडेने किती मजले चढले, किती खोल्या निघाल्या, हे आपण डोळ्यांनी पाहतो, पण कागद मात्र २०११ सालातच आहे. मलनिःसारण असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा निकष धरतात. प्रश्न असा की माणसे किती धरायची?

मतदार यादीचेही तसेच. वसतिगृहात वा खोलीत राहणाऱ्या १८ वर्षांवरील विद्यार्थ्याला शिकत असलेल्या गावात मतदार म्हणून नाव नोंदवता येते. मात्र एका वेळी एकाच ठिकाणी. बहुतेक जण आपल्या मूळ गावीच नाव ठेवतात, आणि ते समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा की तीन-चार वर्षे गावचे पाणी पिणारा, गावात पैसे खर्चणारा, रात्री अंधाऱ्या रस्त्याने अभ्यासिकेतून खोलीवर जाणारा मुलगा किंवा मुलगी नगरसेवकाच्या लेखी कोणीच नसते. मुलींच्या खोल्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा दिवा महिनोन् महिने बंद राहतो तो याचमुळे. त्या रस्त्याला मते नाहीत.

या गुंत्यात हद्दीचा प्रश्नही असतो. कराडचे उदाहरण घ्या. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे हे गाव शिक्षणाच्या बाबतीत भाग्यवान. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचे रोप १९१९ मध्ये लावले ते याच तालुक्यातल्या काले गावी. १९५४ मध्ये रयतचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले, १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. ही विद्येची वसाहत, विद्यानगर, उभी राहिली ती कृष्णेच्या पलीकडे, सैदापूरच्या बाजूला. म्हणजे पोरे शिकणार नदीच्या एका काठावर आणि बाजार, स्टँड, दवाखाने दुसऱ्या काठावर. अशी रचना अनेक गावांत आहे. मोठी मोकळी जागा लागते म्हणून कॉलेज शिवेबाहेर उभे राहते आणि त्याच्या भोवती खोल्या, खानावळी, दुकाने वाढतात. त्या वस्तीचा कचरा कोणी उचलायचा आणि सांडपाणी कुठे सोडायचे, हे दोन कार्यालयांमधल्या पत्रव्यवहारावर सोपवले जाते. गटाराला मात्र हद्द कळत नाही.

पण याच परिसराकडे पाहून उमेदही वाटते. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात १ लाखाच्या आतल्या शहरांमध्ये कराड देशात पहिले आले. दुसरे सासवड आणि तिसरे लोणावळा. तिन्ही महाराष्ट्रातली, तिन्ही नगरपरिषदांची गावे. ज्यांच्या नावाचे कॉलेज तिथे आहे त्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आयुष्यभर हेच सांगितले होते. कराडला खेटून असलेल्या मलकापूरने तर त्याहून अवघड काम केले. चोवीस तास नळाला पाणी आणि वापराप्रमाणे बिल, ही गोष्ट मोठमोठ्या महापालिकांना जमली नाही. या छोट्या गावाने ती करून दाखवली. प्रत्येक नळाला मीटर आला आणि जो अधिक वापरेल त्याला चढता दर लागला. पाणी केव्हाही येते म्हटल्यावर पिंपे भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळे म्हणून ओतून द्यायची गरज उरत नाही. टिल्लू पंपाचीही उरत नाही. हा पंप शेजाऱ्याचे पाणी तर ओढतोच, शिवाय वाहिनीच्या गळक्या सांध्यांतून बाहेरची घाणही आत ओढतो.

मीटर बसवा म्हटले की कोणत्याही गावात निवडून आलेल्या माणसाला धडकी भरते. बिल वाढणार, लोक ओरडणार! लोक ओरडतात हेही खरे. पण का, कसे, किती, हे त्यांच्यासमोर बसून, हिशेब मांडून सांगितले तर लोक ऐकतात. आमच्या सरांच्या घरी दोन माणसे. मीटरने त्यांचे बिल कमी होईल. मावशींचे वाढेल, पण पाणी दिवसभर मिळेल, आणि चौदा मुलांत विभागले तर वाढलेले बिल माणशी फार नाही. हा हिशेब गल्लीतल्या कोणालाही कळतो. तो मांडायला जागा मात्र हवी.

म्हणून नव्या सभागृहांकडे एकच मागणे आहे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. वर्षातून चार वेळा, ग्रामसभेच्याच तारखांना हवे तर, प्रत्येक प्रभागाची सभा शाळेच्या वर्गात भरवा. सर्वसाधारण सभेचे विषय आठवडाभर आधी गावातल्या चौकांत लावा, आणि ते कारकुनी भाषेत नव्हे, तर कळेल अशा मराठीत लिहा. अर्थसंकल्प मंजूर होण्यापूर्वी, झाल्यावर नव्हे, लोकांपुढे ठेवा. 'ऐनवेळचा विषय' खरोखरच ऐनवेळचा असेल तेव्हाच घ्या. आणि कॉलेजची वस्ती हद्दीबाहेर असेल तर शेजारच्या ग्रामपंचायतीबरोबर वर्षातून दोनदा एका टेबलाशी बसा.

कॉलेजांनाही विचारले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे सात दिवस दत्तक खेड्यात जातात, आणि ते चांगलेच आहे. पण ज्या गावाच्या नळाचे पाणी वर्षभर पितो त्या गावातला एखादा प्रभाग दत्तक घ्यायला काय हरकत आहे? अभियांत्रिकीच्या मुलांनी गावातल्या जुन्या जलवाहिन्यांचा नकाशा करावा. वाणिज्य शाखेच्या मुलांनी नगरपरिषदेचा अर्थसंकल्प चार पानांत सोपा करून द्यावा. अशा प्रकल्पाला गुण मिळतील, आणि गावालाही त्या मुलांचे तोंड दिसेल.

उरलो आपण. आपल्याविषयीही खरे बोलले पाहिजे. आपण नगरपालिकेत जातो ते आपल्या दारातल्या गटारासाठी. शेजारच्या गल्लीतल्या गटारासाठी कोण जातो? निवडणुकीत आपण पाहुणा पाहतो, पार्टी पाहतो, आणि पाकीटही पाहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात पंचायत राज्य सुरू झाले. माणसाच्या दारापर्यंत सत्ता नेण्याचे ते स्वप्न होते. दारापर्यंत ती आली असेल नसेल, पण दार आतून आपणही बंद ठेवले आहे.

सर परवा भेटले. अर्जाची ती शिक्का मारलेली प्रत त्यांनी अजून जपून ठेवली आहे. नवे नगरसेवक घरी येऊन गेले, म्हणे. "बघू, सर" म्हणाले. मी विचारले, प्रभागाची सभा झाली तर जाल का? सर म्हणाले, "मी जाईनच. पण मावशींनाही घेऊन जाईन. त्यांचं म्हणणं त्यांनीच मांडायला हवं."

सभा झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी पाणी येईल असे नव्हे. पण टिल्लू पंपावरून भांडणारी ती दोन माणसे एका बाकावर बसून एकच प्रश्न विचारतील. एवढी एक सभा भरवायला नव्या सभागृहांना पाच वर्षे लागू नयेत.